पाळण्याशेजारचा पांगुळगाडा

मित्रांनो, दुसऱ्यांना चालायला शिकवण्यात माझी सारी हयात गेली आणि आता मी स्वतः मात्र एका जागी उभा असतो. मी पांगुळगाडा. तीन चाकं, धरायला एक आडवा दांडा, आणि चाक फिरलं की टकटक वाजणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या. तुमच्यातल्या कित्येकांनी माझ्यासारख्या कुणाला तरी धरून पहिलं पाऊल टाकलं असेल आणि पुढे त्याला विसरूनही गेला असाल. त्याचा मला राग नाही. चालायला लागलेलं मूल पुढे बघतं, मागे बघत नाही. देवानेच तसं ठरवलं आहे.

मला सांगायची आहे ती गोष्ट मत्सराची आहे. मत्सर वाईट, हे मलाही ठाऊक आहे. ज्या घरात मी राहिलो तिथे रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागायचा, आणि त्या दिव्यासमोर मनात असलं काही ठेवू नये. पण ते होतं. आणि ते होतं म्हणूनच एका लहान मुलाचं दुखणं मला घरातल्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

माझा जन्म रोह्याचा. मोतीराम सुताराने मला घडवलं. दिनानाथमामांच्या नव्या घराच्या चौकटीतून सागाचा एक तुकडा उरला होता, तो त्यांनी मोतीरामकडे नेऊन दिला आणि म्हणाले, "पेणला बहिणीचा पोरगा उभा राहायला लागलाय. काहीतरी कर त्याच्यासाठी." मोतीराम कमी बोलणारा माणूस. रंधा हातात घेण्याआधी कपाळाला लावायचा. चाकं नीट गोल झाली का ते तो डोळे मिटून तळव्याने बघायचा. मला लाल आणि हिरवा रंग दिला, दोन दिवस वाळवला आणि मग मामांनी मला मांडीवर घेऊन पॅसेंजर गाडीतून पेणला आणलं. तिथून एसटीने धरमतरच्या बाजूला, खाडीकाठच्या गावात.

ते घर काशीबाईंचं. त्यांचे यजमान मिठागरावर राबले आणि गेले. मुलगा प्रविण धाटावला कंपनीत होता. शिफ्ट असेल तसा जायचा, यायचा. सून नमिता रोह्याची, दिनानाथमामांची धाकटी बहीण. काशीबाईंच्या अंगात देवभक्ती अशी भिनलेली की सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या कुणाशी एक शब्द बोलत नसत. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही चुकायचं नाही. आवाज तर इतका हळू की शेजारीण सगुणा म्हणायची, "काशीबाय, तू बोलतेस का उदबत्ती लावतेस, काय कळत नाय."

आणि त्या घरात होता कान्हू. नाव कृष्णा, पण कृष्णा म्हणून त्याला कुणीच हाक मारली नाही. मी आलो तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. त्याने माझा दांडा धरला, उभा राहिला, मी थोडा पुढे सरकलो, तो माझ्या मागे आला. सगळी ओटी हसली. काशीबाईंनी देव्हाऱ्यातून करंडा आणला आणि माझ्या दांड्याला कुंकवाचं बोट लावलं. मित्रांनो, त्या दिवसासारखा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही.

कान्हू आणि मी दिवसभर एकत्र असायचो. ओटीवरून अंगणात, अंगणातून गोठ्याच्या दारापर्यंत. दात येत होते तेव्हा तो माझा दांडा चघळायचा, रंग उडेपर्यंत. कधी मी उतारावर जरा जास्त पळायचो, आणि तो तोंडावर पडायचा. मग त्याचं रडं. आणि मग एक गोष्ट घडायची, जी तुमच्याही घरी घडली असेल. काशीबाई धावत यायच्या, त्याला उचलायच्या आणि म्हणायच्या, "कुणी मारलं माझ्या कान्हूला? ह्या गाड्यानं? हात रे गाड्या." आणि मला एक चापट. कान्हूचं रडं लगेच थांबायचं. डोळ्यांत पाणी असतानाच तो हसायचा. मग तोही मला एक चापट द्यायचा.

उंबऱ्याला ठेच लागली, हात रे उंबऱ्या. पाटाचा कोपरा लागला, हात रे पाटा. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेली ती बाई, तिचा हात फक्त आम्हा लाकडी माणसांवर उठायचा. मला कधी राग आला नाही. आपण मार खाऊन एका पोराचं रडं थांबत असेल तर खावा, असं मी मानत आलो.

पंच्याण्णव साली चैत्रात नमिताला मुलगी झाली. बारशाला दिनानाथमामा रोह्याहून आले, आणि त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून आला तो पाळणा.

आता खरं सांगतो. तो पाळणा फार देखणा होता. चारही कोपऱ्यांवर पोपट, मधल्या दांडीला रंगीत कड्या, खाली लोकरीचे गोंडे. आणि तोही मोतीरामच्याच हातचा. एकाच सुताराची आम्ही दोन लेकरं. पण माझ्यासाठी मोतीरामने उरलेला तुकडा वापरला होता, आणि त्याच्यासाठी अख्खं लाकूड आणलं होतं. गावातल्या बायका आल्या. त्यांनी पाळण्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, त्याची पूजा केली, त्याच्यासाठी गाणी म्हटली. मुलीचं नाव मृणाली ठेवलं. त्या गडबडीत माझ्या दांड्यावर कुणीतरी ओलं फडकं टाकलं ते टाकलंच. पुढे पावसाळा लागला तेव्हा मृणालीची दुपटी आणि लंगोट वाळत घालायला जागा पुरेना, मग माझा दांडा होताच. मला पाळण्याशेजारीच कोपऱ्यात उभं केलं होतं. तो डुलायचा, आणि मी त्याच्या बाळाचे ओले लंगोट सांभाळायचो.

कान्हूची गत माझ्यासारखीच. तोवर त्याला दोन वर्षं पुरी होऊन गेली होती. चालता येत होतं, पळता येत होतं, तरी तो माझ्याकडे यायचा आणि दुपट्यांच्या आड बसून राहायचा. घरात त्याच्यासाठी आता तीनच वाक्यं उरली होती. कान्हू, हळू. कान्हू, आवाज नको. कान्हू, तू आता मोठा झालास. आईच्या कुशीतून त्याचं अंथरूण आजीकडे गेलं. आईच्या मांडीकडे तो जायचा तेव्हा मांडीवर आधीच कुणीतरी असायचं.

पहिल्यांदा तो चावला सगुणाच्या राणीला. राणी त्याच्याहून थोडी मोठी. मृणालीला बघायला आली आणि आल्या आल्या सरळ पाळण्याकडे गेली, कान्हूकडे तिने बघितलंही नाही. त्याने तिचा दंड धरला आणि दात रोवले.

सगुणा पोरीला कडेवर घेऊन अंगणात आली. "अगो काशी, हा नातू हाय तुझा का कुत्र्याचं पिल्लू? माझ्या पोरीला आता पोटात चौदा इंजेक्शनं घेऊ का काय?"

काशीबाईंनी राणीच्या दंडाला खोबरेल लावलं. "चुकलं गो बाय. लहान हाय तो."

"लहान हाय म्हणून आज सोडलं. जिभेला मिरची लाव, उद्या तोंड उघडणार नाय. नायतर नमिता, तूच त्याला एकदा कडकडून चाव. कळू दे, कसं लागतं ते."

कान्हू आठवडाभरात नमिताला चावला, काशीबाईंना चावला, भाजीवाल्याच्या हाताला चावला. एका दुपारी मृणाली झोपेना, दूध उतू गेलं, आणि त्यातच कान्हूने नमिताच्या मनगटाला दात लावले. तिला सगुणाचं बोलणं आठवलं असावं. तिने त्याचा हात धरला आणि त्याला चावली. फार जोरात नाही. पण कान्हू रडला नाही. ज्या तोंडाने त्याचे मुके घेतले जायचे त्या तोंडाकडे तो नुसता बघत राहिला. नमिता पदर तोंडाला लावून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्याचं चावणं वाढलं. आईसुद्धा चावते, मग चावायचंच असतं, एवढंच तो त्यातून शिकला असावा.

मग तो दिवस आला. प्रविण रात्रपाळी करून धाटावहून आला होता आणि माजघरात झोपला होता. बाहेर पाऊस धरलेला. नमिता विहिरीवर होती. कान्हू पळत आला, आणि डुलत्या पाळण्याचा कोपरा त्याच्या कपाळावर आदळला. त्याने भोकाड पसरलं. काशीबाई चुलीपासून उठून आल्या, आणि सवयीने त्यांचा हात उठला. "पाळण्यानं मारलं माझ्या सोन्याला? हात रे पाळण्या." आणि पाळण्याला सणसणीत चापट.

मित्रांनो, मला आनंद झाला. इतके दिवस मी वाट बघत होतो, की त्या पोपटवाल्याच्या अंगावर एकदा तरी हात पडावा. कान्हूनेही एक चापट मारली, मग दुसरी. काशीबाई चुलीकडे वळल्या. कान्हू थांबला नाही. पाळण्यातून मृणालीचा पाय बाहेर आला होता. त्याने तो धरला आणि चावला.

मृणालीची किंकाळी ऐकून प्रविण झोपेतून उठला. तिच्या पोटरीवर दातांची जांभळी खूण होती. प्रविणने कान्हूला दोन थपडा मारल्या, उचलला आणि ओटीवर नेऊन आदळून बसवला. नमिता घागर तशीच टाकून आली.

"बस झालं," प्रविण म्हणाला. "उद्या डोळ्याला चावला तर? तुझ्या भावाला निरोप धाड. ह्याला रोह्याला नेऊन ठेवा. पोरगी चालायला लागली की आणू."

"वर्ष जाईल त्यात," नमिता म्हणाली.

"जाऊ दे."

"आईशिवाय राहील का तो वर्षभर?"

"आईजवळ राहून काय करतोय ते दिसतंय ना."

पेणला जाऊन त्याने एसटीडीवरून फोन केला. दिनानाथमामांनी सांगितलं की नारळी पुनवेला राखी बांधून घ्यायला येणारच आहे, तेव्हा घेऊन जातो. त्या रात्रीपासून नमिता कान्हूचे कपडे घडी घालून एका बाजूला ठेवू लागली. एक सदरा ठेवायची, मग काढायची.

माझं भय वेगळं होतं. घरात माझा म्हणावा असा तो एकच. तो गेला की मी नुसती वाळत घालायची काठी. आणि त्याहून जास्त टोचायचं ते हे, की जाणार तो कान्हू आणि राहणार तो पाळणा.

आषाढी एकादशी आली. काशीबाईंचा निर्जळी उपास. दुपारी पाऊस थांबला तेव्हा त्या ओटीवर जपमाळ घेऊन बसल्या. कान्हूने माझ्यावरची दुपटी ओढून खाली टाकली आणि मला ढकलत ओटीवर आणलं. आम्ही खांबाला धडकलो. त्याला काही लागलं नाही. पण तो माझ्यासमोर बसला आणि मला चापट मारली. "हात ले गाल्या." मग वाकून माझा दांडा चावला. आणि मग, अगदी काशीबाईंच्या आवाजात, हळू आणि गोड, स्वतःलाच म्हणाला, "गप, गप. मालला त्याला. आता नाय लडायचं."

माळेचा मणी काशीबाईंच्या बोटांत तसाच राहिला.

"कान्हू," त्या म्हणाल्या, "कुणाला लागलं रे?"

"कान्हूला."

"कुठं लागलं?"

त्याने आधी गुडघा बघितला. तिथे काही नव्हतं. कपाळाला हात लावला. मग उठला आणि आत गेला. काशीबाई त्याच्या मागे दारापर्यंत गेल्या. आत नमिता मृणालीला पाजत बसली होती. कान्हूने तिच्या मांडीवर, मृणालीच्या डोक्याखाली जेवढी जागा उरली होती तेवढ्यावर आपला तळवा ठेवला.

"हितं," तो म्हणाला.

काशीबाई दारातच खाली बसल्या. नमिताला काही कळेना. "काय झालं आई? चक्कर आली काय? उपास सोडा बघू."

"उपासाचं नाय गो." त्यांनी जपमाळ मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "लागलं की कुणाला तरी मारायचं, म्हणजे दुखायचं थांबतं, हे त्याला मी शिकवलं. गाड्याला मारलं, उंबऱ्याला मारलं. परवा पाळण्याला मारलं, पोर आत असताना. त्याला लागतंय ते तुझ्या मांडीवर. मग तो दुसऱ्या कुणाला चावेल?"

नमिताने कान्हूकडे बघितलं. तो हात तसाच ठेवून उभा होता.

संध्याकाळी प्रविण आला तेव्हा काशीबाईंनी त्यालाही तेच सांगितलं. तो हात धुता धुता म्हणाला, "म्हणजे आता मारायचं पण नाय? मग काय आरती ओवाळू त्याची?"

"चातुर्मास लागलाय. वांगं सोडलंस, कांदा सोडलास, आणखी एक सोड. ह्या घरानं हात उगारायचा नाय. माणसावर नाय, पाटावर नाय, गाड्यावर पण नाय."

"आये, कांदा सोपा व्हता."

"म्हणून तर देवाला त्यात काय वाटत नाय," काशीबाई म्हणाल्या.

प्रविण हसला नाही, पण वादही घातला नाही. फक्त म्हणाला, "नारळी पुनवेपर्यंत बघतो. तोवर पुन्हा पोरीला दात लावले, तर पोरगा मामाबरोबर जाईल. मग देव मधे आणायचा नाय."

व्रत घेणं एक आणि पाळणं दुसरं, हे मी त्या दिवसांत पाहिलं. सगळ्यात आधी मोडणार होतं ते काशीबाईंकडूनच. कान्हू उंबऱ्याला अडखळला, त्यांचा हात वर गेला, आणि तिथेच हवेत थांबला. जणू दुसऱ्या कुणाचा हात आहे असं त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग तो हात खाली आला आणि कान्हूच्या गुडघ्यावरून फिरला. "लागलं ना रे? दुखतंय ना?" कान्हू त्या दिवशी नेहमीपेक्षा खूप वेळ रडला. कुंपणापलीकडून सगुणा म्हणाली, "एक फटका दिला असतास उंबऱ्याला, तर कवाच गप झाला असता. उंबरा काय पोलिसात जाणार हाय?" काशीबाई रडणं संपेपर्यंत त्याला धरून बसल्या.

चावण्याचंही असंच. तो चावला की नमिता आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायची. फुंकर घालायची, तेल लावायची. मग कान्हूसमोर खाली बसायची आणि हळू म्हणायची, "चावायचं नाय. दुखतं." तेवढंच. ओरडायची नाही, लांबण लावायची नाही. मग त्याला शिकवायची, "आई पाहिजे ना? मग म्हण, मला घे." तो म्हणायचा नाही. ओठ घट्ट मिटायचा.

दिवेलागणीच्या वेळी तो जास्त चावतो, हे काशीबाईंच्या ध्यानात आलं. भूक लागलेली असते, झोप आलेली असते, आणि आई नेमकी मृणालीला घेऊन बसते. मग त्या वेळी त्याच्या हातात काकडीची फोड किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा यायला लागला. दातांना काम मिळालं. आणि देवापुढे दिवा लागला, शुभंकरोती झाली, की मृणाली आजीकडे आणि कान्हू आईच्या मांडीवर, असा नेम झाला. मृणाली रडली तरी नमिता उठत नसे. "आता कान्हूची पाळी," म्हणायची. पाळण्याची दोरी काशीबाई ओढायच्या.

ते बघताना मला काय वाटायचं ते विचारू नका. कान्हूला त्याची मांडी मिळत होती. माझ्या दांड्यावर मात्र लंगोटच होते.

आणि सगळं सरळ झालं असंही नाही. श्रावण लागला तेव्हा तो पुन्हा राणीला चावला. राणीने त्याची काकडी घेतली होती. सगुणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमचा नेम होईल गो, पण माझ्या पोरीच्या अंगाची जाळी होईल." प्रविण घरात होता. तो उठला, कान्हूवर हात उगारला, आणि त्याला आठवलं. तो हात त्याने तसाच खिशात घातला, अंगणात गेला आणि पावसात उभा राहिला. चिंब होऊन आत आला, तेव्हा नमिताने त्याला पंचा दिला. नमिताने घडी घातलेले कपडे मात्र तिथेच होते.

नारळी पुनवेला सकाळीच दिनानाथमामा आले. खांद्याला एक रिकामी पिशवी. ती कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. गावातले लोक खाडीला नारळ द्यायला गेले होते. घरात नारळीभाताचा वास भरलेला. नमिताने भावाला ओवाळलं, राखी बांधली. मग काशीबाई म्हणाल्या, "कान्हूला पण बांधा. त्याला पण बहीण हाय."

नमिताने मृणालीला मांडीवर घेतलं, तिचा हात आपल्या हातात धरला आणि कान्हूच्या मनगटाला राखी बांधली. मोठी, स्पंजाच्या फुलाची, वर सोनेरी चकती. कान्हू आयुष्यात पहिल्यांदा मृणालीकडे बघून हसला. त्याने हात वर करून मामाला दाखवली, बापाला दाखवली. मग मृणालीला दाखवायला हात पुढे केला, आणि तिने मुठीत फूल धरून ओढलं. दोरा तुटला. फूल तिच्या तोंडात गेलं.

कान्हूचं तोंड उघडलं. मी ते दात ओळखतो. माझ्या अंगावर आहेत त्यांच्या खुणा. मृणालीचा दंड त्याच्या तोंडापासून चार बोटांवर होता. प्रविण अर्धा उठला. नमिताने मुलीला मागे ओढलं नाही. तिने ओढलं असतं तर त्याला आणखी लागलं असतं, हे तिला कळलं होतं. ती फक्त कान्हूकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की त्याला शब्द सुचवत होती, मला सांगता येणार नाही.

कान्हू मृणालीच्या दंडावर वाकला. मग त्याने मान वर केली.

"आई, मला घे," तो म्हणाला. आणि रडायला लागला.

काशीबाईंनी मृणालीला उचललं. नमिताने कान्हूला मांडीवर घेतलं आणि पदराखाली धरलं. तो असा रडला की चैत्रापासूनचं सगळं त्यात वाहून आलं असावं. कुणी त्याला गप म्हटलं नाही. प्रविणने बायकोकडे बघितलं, मग मेव्हण्याकडे. "दिनानाथराव," तो म्हणाला, "पिशवी ठेवा आत. जेवायला बसा."

मामा हसले. "बसतो की. पण रिकाम्या हातानं गेलो तर रोह्याला बायको घरात घ्यायची नाय. तिनं भाच्यासाठी अंथरूण घालून ठेवलंय." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर आली. "नमे, हा गाडा देतेस? आमची मैना भिंत धरून उभी राहते आता."

"ने की दादा. तुझाच हाय तो. कान्हूला आता कशाला लागतोय?"

माझ्यावरचे लंगोट काढून तिने दोरीवर टाकले. कुणीतरी जायचं ठरलं होतं, आणि गेलो मी. मामा मला उचलून ओटी उतरले तेव्हा कान्हूने आईच्या मांडीवरून मान वळवून बघितलं. "गाला," म्हणाला. क्षणभर वाटलं, उतरेल, पळत येईल. पण तो उतरला नाही. इतक्या दिवसांनी मिळालेली जागा सोडून कोण उतरेल? त्याने तोंड पुन्हा पदरात घातलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पाळणा त्या घरात राहिला, आणि मी पॅसेंजर गाडीत पुन्हा मामांच्या मांडीवर.

रोह्याला मैना माझा दांडा धरून उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी पडली. मामी धावत आल्या. "गाड्यानं पाडलं माझ्या मैनाला?" आणि त्यांचा हात उठला. मामांनी तो मनगटापाशी धरला. "ते नको," म्हणाले. "बहिणीच्या घरी त्यांनी सोडलंय ते." मामी म्हणाल्या, "गाड्याला मारायचं पण सोडलं? काय माणसं गो बाय." पण हात खाली घेतला आणि मैनाला पोटाशी धरलं. मैना रडून रडून थांबली आणि पुन्हा माझ्याकडे आली.

तीही आता शाळेत जाते. मी माळ्याच्या जिन्याखाली उभा असतो. माझं एक चाक सैल आहे. ज्यांच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल त्यांनी त्याला चुलीत घालू नये. एखाद्या सणाच्या दिवशी पुसावं, चाकाला तेलाचा थेंब घालावा, आणि शेजारी कुणाचं मूल उभं राहत असेल तर त्याच्या हाती द्यावं.

आणि तुम्हाला, मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरी दुपट्यात गुंडाळलेलं नवं कुणी आलं आणि तुमचे दात शिवशिवायला लागले, तर तुम्ही वाईट आहात असं समजू नका. मीही त्यातून गेलो आहे. आईजवळ जा आणि 'मला घे' म्हणा. आणि तुमच्यामागे बसून हे वाचणारी जी मोठी माणसं असतील, त्यांना माझी विनंती आहे. एवढं म्हणायला पोराला फार दिवस लागतात. तोवर आपला हात खाली ठेवा, आणि मांडीवर थोडी जागा ठेवा.